घर एक, गाडी एक

कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी अख्खं घर घेऊन बाजारात जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि हे मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये, मी स्वतः त्या घरात बसलेली होते. पोहे गॅसवर तयार, वर खोबरं भुरभुरलेलं, आणि काकूंच्या लक्षात आलं की कोथिंबीर आणायचीच राहिली. झालं. आमच्या ऑफिसातले सर, म्हणजे काकूंचे यजमान, उठले, खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"गॅस सिलेंडर?"

"बंद," काकू म्हणाल्या.

"फ्रिजची कडी?"

"लावली."

"छतावरची खिडकी?"

"लावते. अहो, पण राहू द्या ना ती कोथिंबीर. ही पोरगी उपाशी बसलीये."

"पायरी आत घेतली?"

असे तेवीस मुद्दे होते. पाण्याचा पाइप काढायचा, विजेची वायर गुंडाळायची, बाहेर ताणलेलं कापडी छप्पर दांड्यावर गुंडाळून कुलूप लावायचं. शेवटचा मुद्दा "सर्व माणसे आत?" असा होता. आम्ही तिघंही आतच, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो, तरी त्यांनी तोही विचारला आणि काकूंनी "आत" म्हटल्यावरच गाडी सुरू केली. अकरा किलोमीटरवरच्या सुपरमार्केटला घर उभं राहिलं. मी उतरून जुडी आणली. परत येऊन सगळं उलट्या क्रमाने मांडेपर्यंत पोह्यांचा गोळा झाला होता.

"दीड दिरहमची जुडी, म्हणजे पस्तीस रुपये," काकू हिशोब करत म्हणाल्या, "आणि डिझेल वेगळं. खलास!"

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली दीड खोली. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मध्ये हातभर ओटा आणि कपाटाएवढं संडास-न्हाणीघर. शहाणी माणसं या घराच्या मागे एक लहान गाडी जोडून नेतात. घर समुद्रकाठी लावायचं आणि दूध-पावाला लहान गाडी काढायची. सरांनी होती ती चांगली कार विकून हे धूड घेतलं होतं. एक जर्मन इंजिनीअर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून. माझ्या मुलीने एकदा त्यांना विचारलंच, "अंकल, व्हाय डोन्ट यू जस्ट बाय अनदर कार?" तर सर तिला अगदी गंभीरपणे म्हणाले, "घर एक, गाडी एक, बायको एक. दुसरं आलं की मेन्टेनन्स वाढतो." मुलीला ओ की ठो कळलं नाही, काकू मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

एकच गाडी, म्हणून ऑफिसलाही ते तीच घेऊन यायचे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची पाइपांना कोटिंग करणारी फॅक्टरी. सर तिथे क्वालिटीचे प्रमुख, मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे त्यांचे कागद सांभाळणारी. सकाळी सात वाजता ट्रेलरच्या रांगेत पडदे लावलेलं पांढरं घर येऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी गेटवरच्या पठाण सिक्युरिटीने त्यांना मटेरियल पास, म्हणजे माल आत आणायचा परवाना, मागितला होता. कधीकधी काकूही सोबत यायच्या आणि दिवसभर पार्किंगमध्ये संसार करायच्या. चार वाजता बटाटेवड्यांचा वास लोडिंग बेपर्यंत यायचा आणि आमचे फोरमन, क्रेनवाले, एवढंच काय पण तो पठाणसुद्धा, काही ना काही निमित्त काढून त्या बाजूला चक्कर मारायचे.

सरांबद्दल प्रेम वगैरे वाटण्याआधी मला त्यांचा दोन वर्षं मनापासून राग होता. माझा पहिला रिपोर्ट त्यांनी सात वेळा परत पाठवला. का, तर रिव्हिजन नंबर कोपऱ्यात नव्हता. "मॅडम, जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर माझी सही नाही," हे वाक्य दिवसातून तीनदा. एकदा बोटीवर माल चढायचा खोळंबला होता, डायरेक्टर स्वतः येऊन "यल्ला, चला, साइन करा हो, कोण बघतंय" म्हणाले, तर सरांनी पेन टेबलावर ठेवलं, यार्डात जाऊन भर उन्हात चाळीस पाइप मोजमाप लावून तपासले आणि मग सही केली. डायरेक्टर तोवर एसीत फणफणत बसले होते. मी आत येऊन पोट धरून हसले. माझा राग तिथेच संपला असावा.

त्यांना नियम वाचायला आवडायचं. तुम्हाआम्हाला जसं कुणाचं खाजगी पत्र वाचायला आवडेल तसं. कॅम्पग्राउंडच्या गेटवर नियमांची पाटी असते, तिथे गाडी थांबवून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. मागे दहा गाड्या हॉर्न देतायत, पण हे आपले शांत. "नियम वाचला का?" हा त्यांचा सगळ्या जगाला प्रश्न होता. सांडपाणी कुठे सोडायचं, जनरेटर किती वाजता बंद करायचा, एका जागी सलग किती दिवस राहता येतं, सगळं त्यांना पाठ. स्पेलिंगच्या चुका ते ईमेलने कळवायचे.

त्यांच्या नेहमीच्या समुद्रकाठच्या कॅम्पग्राउंडच्या पाटीवरचा नऊ नंबरचा नियम असा होता, की सुट्टीच्या दिवसांत गाडी जागेवरून हलली आणि मागे कुणी नसलं, तर जागा सोडली असं समजून पुढच्याला दिली जाईल. पिकअपला कॅराव्हॅन जोडून येणाऱ्यांना काय फरक पडतो? कॅराव्हॅन तिथेच असते, ते पिकअप घेऊन गावभर फिरतात. आमच्या सरांचं मात्र बिऱ्हाड पाठीवर.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आपला गावाकडचा उपाय केला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, यावर आपल्या दहा पिढ्यांचा विश्वास. सरांनी जागेवर घडीची खुर्ची मांडली, तिच्यावर टॉवेल टाकला, शेजारी काकूंचा तुळशीचा डबा ठेवला आणि दोघं दूध आणायला गेले. परत येतात तर तिथे एका लेबनीज कुटुंबाची शेगडी पेटलेली. तुळस बिचाऱ्यांनी सावलीत सरकवून ठेवली होती. दुसरा असता तर भांडला असता. सर ऑफिसात गेले आणि तिथल्या केरळी मॅनेजरला विचारलं, "चेअर ठेवली तर जागा ऑक्युपाइड धरता की नाही?"

"सर, चेअर नो. पर्सन यस."

"नोंद घेतली," सर म्हणाले. गाडीत येऊन काकूंना म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. खुर्ची काही राहायला येत नाही."

"मग मी बसेन की खुर्चीत," काकू म्हणाल्या. "मी येते ना राहायला."

तेव्हापासून ती पद्धतच पडली. सर घर घेऊन बाजारात आणि काकू रिकाम्या जागेच्या मधोमध खुर्चीत, मांडीवर निवडायला पालेभाजी. मी या गोष्टीवरून त्यांची किती थट्टा केली असेल. काकूंना मी 'आमचा रुमाल' म्हणायचे. आता ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मोटरहोमचं वेड सरांचं, असंच सगळे समजत. मीही समजत होते, काकूंनी सांगेपर्यंत. लग्न होऊन त्या दुबईत, देऱ्यात आल्या तेव्हा एका फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडं होती, मध्ये प्लायवुडची पार्टिशनं. मग शारजा, एक बेडरूम, मग दुसरी एक बेडरूम. प्रत्येक घरमालकाची एकच अट, भिंतीला खिळा मारायचा नाही, डिपॉझिट कापू. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मोठं घर घेण्याची निकडही नव्हती. "अठ्ठावीस वर्षं भिंतीला सेलोटेप लावली गं," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात तीही सुटते. गणपतीचा फोटो कितीदा पडला असेल." मोटरहोम घरी आलं त्या दिवशी सरांनी ड्रिल काढलं, मोजपट्टीने तीनदा मोजलं आणि एक स्क्रू आत बसवला. "ठोक आता काय ठोकायचंय ते," म्हणाले. काकूंनी तिथे गणपती नाही लावला. साधं भिंतीवरचं कॅलेंडर लावलं, ज्यावर दुधाचा हिशोब लिहितात तसलं. आणि पलंगावर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता आणि मी मोबाइलवर काहीतरी बघत "हो का, काकू" म्हणत होते.

मग काकूंचं हृदय दमायला लागलं. पायांवर सूज यायची, दोन-दोन उशा घेऊन झोपावं लागायचं, चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत आणि दगदग नको. आणखीही काहीतरी सांगितलं होतं, पण ते फक्त सरांना. ते त्यांनी मला स्टोअररूममध्ये फाइल शोधताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. "मॅडम, पुढचा हिवाळा मिळेल असं दिसत नाही. ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात." जानेवारीअखेर ते रिटायर होणार होते, व्हिसा संपणार होता. "जाण्याआधी तिला आठ दिवस समुद्रासमोर राहायचंय. पहिल्या रांगेत. स्वतःच्या घरात." बस्स, इतकंच. त्यांना दुसरं काहीही नको होतं.

पहिली रांग सुट्टीत मिळणं म्हणजे लॉटरीच. दोन हिवाळे त्यांना तिसऱ्या रांगेत, संडासाच्या बाजूला जागा मिळाली होती. या खेपेला सरांनी बुधवारीच रजा टाकली आणि उम्म अल कुवैनच्या पुढचं ते कॅम्पग्राउंड गाठलं. दुपारी काकूंचा व्हिडिओ कॉल. "बघ गं, बघ! दार उघडलं की पाणी!" मागे सर खुर्च्या मांडत होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते. सरांना गाणं गुणगुणताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "शनिवारी जेवायला यायचं हं," काकू म्हणाल्या. "मसालेभात करते. नक्की?" मी म्हटलं, नक्की, प्रॉमिस. त्यानंतर त्यांनी दोनदा फोन करून वांगी चालतात का मुलीला, असं विचारलं.

शनिवारी सकाळी मुलीच्या मैत्रिणीच्या आईचा मेसेज आला, सगळे मॉलमध्ये बोलिंगला चाललेत, जेवणही तिथेच. मुलगी म्हणाली, "मम्मा, प्लीज, आय डोन्ट वॉन्ट टु सिट इन दॅट व्हॅन." खरं सांगायचं तर माझ्याही जिवावर आलं होतं. तासभर ड्राइव्ह, ते वाळूतलं जेवण, ते तेवीस मुद्दे. मी सरांना फोन लावला आणि आवाज बारीक करून म्हटलं, "सर, अंगात ताप आहे हो. कालपासून. आज काही जमत नाही."

"अरे अरे. विश्रांती घ्या," ते म्हणाले. "काही नाही, येताना फार्मसीतून हिच्या गोळ्यांची एक स्ट्रिप आणायला सांगणार होतो. माझ्याकडून दुसरी स्ट्रिप फ्लॅटवर राहिली, होती ती काल रात्री संपली. यादीत गोळ्या लिहिलेल्याच नाहीत हो मी. तेवीस मुद्दे काढले, आणि हा मुद्दाच नाही."

"अय्या! मग आता?"

"मी घेऊन येतो ना जाऊन. तुम्ही झोपा."

मला माहीत होतं त्यांच्याकडे दुसरी गाडी नाही. नऊ नंबरचा नियमही माहीत होता. पोहोचवते गोळ्या आणि लगेच निघते, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? ताप आहे असं एकदा सांगून बसले होते ना. खोटं सांभाळायचं म्हणून मी गप्प बसले आणि फोन ठेवला.

पुढचं मला रविवारी सकाळी कळलं. सरांचा फोन आला, नेहमीच्या आवाजात. "मॅडम, एक कळवायचं होतं. ही काल गेली." आणि मग जसं घडलं तसं, एकामागून एक, रिपोर्ट दिल्यासारखं सांगत गेले. मध्ये कुठेही आवाज हलला नाही. मला वाटतं, तसं सांगितलं नसतं तर त्यांना सांगताच आलं नसतं.

ॲपवर टॅक्सी दाखवत नव्हती. गेटबाहेर जागेसाठी गाड्यांची रांग. सर म्हणाले, चल, जाऊ दे जागा, दोघं जाऊ. काकूच म्हणाल्या, "अहो, इतक्या दिवसांनी मिळालीय. मी बसते धरून. तुम्ही या जाऊन." सरांनी यादी वाचली, काकूंनी बसल्या जागेवरून उत्तरं दिली. कापडी छप्पर गाडीलाच जोडलेलं, ते गुंडाळावं लागलं. म्हणजे घर गेलं आणि घराबरोबर सावलीही गेली. शेवटच्या मुद्द्याला, "सर्व माणसे आत?" ला, दोघंही हसले म्हणे.

पहिल्या फार्मसीत गोळ्या नव्हत्या. दुसरी गावात, आणि तिथल्या पार्किंगला उंचीची कमान, हे धूड आत जाईना. लांब उभं करून सर चालत गेले. तिथे रांग. असं करत पावणेतीन तास गेले. इकडे दोन गाड्या जागा मागायला आल्या, काकूंनी त्यांना हात जोडून "मिस्टर आ रहे हैं" सांगितलं. शेजारच्या पिकअपवाल्या सीरियन बाईने दोनदा बोलावलं, आमच्या तंबूत सावलीला ये, कॉफी घे. काकू उठल्या नाहीत. त्या बाईने मग डोक्यावर एक शाल आणून टाकली. थोड्या वेळाने बघितलं तर काकूंची मान कलली होती, तिला वाटलं झोप लागली.

सर परत आले. गाडी रिव्हर्समध्ये जागेवर घ्यायची तर मागे उभं राहून खुणा करायचं काम काकूंचं. "या… या… बास." सरांनी आरशात बघितलं. काकू खुर्चीत पाठमोऱ्या होत्या. ते त्यांच्या हाताची वाट बघत थांबले. "साधारण दोन मिनिटं थांबलो, मॅडम," सर मला म्हणाले. "मला वाटलं, समुद्र बघतेय."

तो पिकअपवाला नवरा नंतर ढसाढसा रडला म्हणे. "हबीबी, माझी गाडी इथे उभी होती. का नाही मागितलीस?" सरांनी शब्दही काढला नव्हता. दुसऱ्याच्या गाडीवर आपला इन्शुरन्स लागू होत नाही.

मी फोन ठेवला. मग एकदम आठवलं. काल मॉलमधून मी व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकला होता. मुलगी, तिच्या मैत्रिणी, मध्ये मी, हातात बोलिंगचा चेंडू, दात काढून हसतेय. तो पुसून टाकायला फोन उघडला. कुणीकुणी बघितलाय त्याची यादी दिसते ना खाली. त्यात सरांचं नाव होतं. शनिवार, दुपारचे एक बावन्न. म्हणजे ते तेव्हा फार्मसीच्या रांगेत उभे होते.

सोमवारी शारजाच्या स्मशानात आम्ही सगळे जमलो. फॅक्टरी अर्धी आली होती, फोरमन, क्रेनवाले, पठाण सिक्युरिटी कोपऱ्यात उभा. माझा नवरा माझ्या शेजारी होता, त्याला सगळं ठाऊक होतं. मी सरांच्या समोर जायचं टाळत होते. आमच्या अकाउंट्समधल्या बाई, स्वभावाने वाईट नाहीत पण जिभेला हाड नाही, त्या सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाल्या, "अगं, शनिवारी तू जाणार होतीस ना त्यांच्याकडे? काकू मला फोनवर सांगत होत्या. तू गेली असतीस तर…"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यांना ताप होता," मागून सरांचा आवाज आला. ते कागदांची फाइल छातीशी धरून उभे होते. "एकशेदोन. मीच म्हटलं, अजिबात येऊ नका." मग माझ्याकडे वळून, अगदी ऑफिसातल्यासारखं विचारलं, "आता बरं आहे ना?"

मी मान हलवली. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. दोन-तीन बायकांनी येऊन मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, किती जीव होता गं तुझा काकूंवर.